क्रेडिट कार्डाची सात वर्षांपूर्वीची थकबाकी: तीन वर्षांनंतर खरंच मागता येत नाही का?

औसारोड
नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येतो. मी २०१५ ते २०१७ वाळूजला एका कंपनीत होतो. बँकेची पोरं कंपनीच्या गेटवर टेबल टाकून बसायची, आल्यागेल्याला क्रेडिट कार्ड. मलाही मिळालं. २०१७ च्या शेवटी कंपनीनं आमची लाइन बंद केली आणि मी लातूरला परत आलो. कार्डावर तेव्हा ४८ हजार होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये शेवटचे दोन हजार भरले, त्यानंतर जमलं नाही. काही काळ फोन यायचे, कोरोनात तेही थांबले.

आता गेल्या महिन्यापासून एका वसुली कंपनीनं पिच्छा पुरवलाय. म्हणतात, तुमचं कर्ज आम्ही बँकेकडून विकत घेतलंय, आजचा आकडा २ लाख ३१ हजार, पण खास तुमच्यासाठी ५५ हजारांत मिटवतो. आज फक्त पाचशे रुपये लिंकवर भरा आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या फॉर्मवर सही करून फोटो पाठवा. त्यात काल लोकअदालतीची नोटीस आली. आई घाबरून गेलीय. तिच्या लेखी कोर्टाचा कागद म्हणजे दारात पोलीस.

शेजारचे काका म्हणतात तीन वर्षं झाली की कर्ज आपोआप माफ. मेव्हणा म्हणतो बँकेचं कर्ज मेल्यावरही सुटत नाही. नेमकं खरं कोणतं? आणि ते पाचशे भरून टाकू का?

तूरडाळ
पाचशे मला पाठवा. मी पण तुमची फाइल 'सेटलमेंटला' पाठवतो, वर चहा पाजतो.

वाळूज_बी_शिफ्ट
त्या टेबलवाल्या पोरांना मी ओळखतो राव! आमच्याकडं कार्डासोबत बॅग फुकट होती. अर्ध्या शिफ्टनं बॅगेसाठी कार्डं घेतली. बॅगेची चेन महिन्यात तुटली, कार्डाचा फोन अजून येतोय.

भाऊ, पाचशे अजिबात भरू नका. पाचशे भरले की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू, असं ऐकलंय.

निवृत्त_गुरुजी
माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. ४८ हजार तुम्ही वापरले ना? मग ते देणं आहे. तीन वर्षं झाली, पाच झाली, त्यानं काय फरक पडतो? आमचे वडील अंबाजोगाईला दुकानातून उधारीवर बी-बियाणं आणायचे. दुष्काळ पडला, त्या साली दिले नाहीत, पण दोन वर्षांनी दिले. दुकानदारानं वहीत रेघ मारली तेव्हाच वडील जेवले. कायदा काय म्हणतो ते वकील सांगतील, पण मुदत संपायची वाट बघत बसणं मला पटत नाही.

बीडबायपास
गुरुजी, आदर आहे, पण तुमच्या दुकानदारानं महिन्याला साडेतीन टक्के चक्रवाढ लावलं होतं का? कार्डावर वर्षाला ४२ टक्के पडतात, वर जीएसटी. साडेतीन टक्क्यांनी रक्कम वीस महिन्यांत दुप्पट होते, करून बघा कॅल्क्युलेटरवर. सावकारानं हेच केलं की आपण जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करतो.

निवृत्त_गुरुजी
@बीडबायपास, मी मुद्दलाबद्दल बोलतोय. व्याजाबद्दल तुमचं बरोबर आहे.

शंका_कुशंका
दामदुपटीचा नियम आहे ना? व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. मग २ लाख ३१ हजार कसे?

काळा_कोट
सकाळपासून कोर्टात होते, आत्ता धागा बघितला. दिवाणी बाजूचं काम करते, म्हणून जरा सविस्तर.

पैशाच्या वसुलीच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत. कार्डाचं देणं त्यातच बसतं. घर-जमीन गहाण असेल तर बारा वर्षं, पण कार्डाला तारण नसतं. तीन वर्षं उलटल्यावर दावा आला तर कलम ३ प्रमाणे कोर्टानं तो फेटाळायचाच असतो, समोरच्यानं मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी. 'साहेब, उशीर झाला, माफ करा' हा अर्ज दाव्यात चालत नाही. ती सोय अपिलांना आणि अर्जांना आहे.

पण काकांचं 'आपोआप माफ' चूक. मुदत गेली म्हणजे कोर्टाची वाट बंद झाली. देणं पुसलं जात नाही. ते पत्र पाठवू शकतात, सभ्यपणे मागू शकतात, आणि तुम्ही आपखुशीनं दिलेत तर नंतर 'मुदत संपली होती, परत करा' असं म्हणता येत नाही. मेव्हण्यांचंही अर्धंच खरं: कर्जदार वारला तर वारसांना जे मिळालं असेल तेवढ्यापुरतीच जबाबदारी, स्वतःच्या पगारातून भरायचं नसतं.

आता फॉर्म. तो नीट वाचा. 'मी अमुक रक्कम देणे लागतो व ती भरण्यास तयार आहे' असं कुठंतरी असणार, बहुतेक दुसऱ्या पानावर. मुदत चालू असताना अशी सहीनिशी लेखी कबुली दिली तर कलम १८ नं त्या दिवसापासून नवी तीन वर्षं. मुदत संपल्यानंतर कलम १८ उपयोगाचं नाही, पण तिथं १८७२ च्या करार कायद्याचं कलम २५(३) येतं. मुदतबाह्य देणं 'देईन' असं सही करून लिहून दिलं की तो नवा करार, आणि त्यावर दावा चालतो. म्हणजे मेलेल्या दाव्यात जीव ओतायची ताकद फक्त तुमच्या सहीत आहे, आणि तीच ते मागतायत.

दामदुपटीबद्दल: सावकाराच्या कर्जाला ठीक, बँकेच्या व्याजाला तो नियम लावून घेता येत नाही. व्याज जास्त आहे म्हणून बँकेचा व्यवहार पुन्हा उघडायला बँकिंग कायद्याच्या कलम २१ए नं कोर्टांना मनाई आहे. ग्राहक आयोगानं २००८ मध्ये कार्डावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये तीही रद्द केली.

हळदगाठ
वाखूसा (वाचनखूण साठवली).

वाळूज_बी_शिफ्ट
वकीलताई, पाचशेचं राहिलं की. भरल्यावर मुदत नव्यानं सुरू होते ना?

काळा_कोट
मुदतीच्या आत भरले तर हो, कलम १९. त्यातही भरणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीनिशी त्याची नोंद लागते. लिंकवर भरलेल्या पैशाला 'सही' कशाला म्हणायचं, यावर दोन्ही बाजूंचे वकील दिवसभर भांडू शकतात. मुदत संपल्यावर नुसते पाचशे भरल्यानं मेलेला दावा उठत नाही. मात्र त्यांना तुमचा चालू नंबर, चालू खातं आणि 'हा माणूस घाबरतो' ही माहिती पाचशेत मिळते.

कॅशियर_निवांत
मी बँकेत ३० वर्षं काढली, शेवटची काही थकबाकी विभागात. वकीलताईंशी बहुतांशी सहमत, एका गोष्टीवर जरा वेगळं म्हणतो.

९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-बुडीत. कार्डाचं खातं पुढं बँक वह्यांतून काढून टाकते. लोकांना वाटतं तेव्हाच माफ झालं. तसं नसतं, ती फक्त बँकेच्या ताळेबंदातली साफसफाई, वसुली चालूच राहते. नंतर अशी हजारो खाती गठ्ठ्यानं विकली जातात. एकेका खात्यामागं विकत घेणाऱ्यानं काय मोजलं हे कर्जदाराला कधी कळत नाही, पण २ लाख ३१ हजाराचं ५५ हजारांत मिटवायला तो एका फोनवर तयार होतो, यावरून अंदाज बांधा.

माझा मुद्दा असा. 'मुदत संपली, आता काय करतील' म्हणून निवांत बसू नका, त्याच बँकेत तुमचं बचत खातं असेल तर. बँक तिथून पैसे वळते करून घेते. सुप्रीम कोर्टानं १९९२ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय की मुदतीनं दाव्याचा उपाय जातो, हक्क जात नाही, आणि बँक हातातल्या तारणातून देणं वळतं करू शकते. त्यामुळं पगाराचं, पीक विम्याचं, अनुदानाचं खातं शक्यतो दुसऱ्या बँकेत ठेवा.

गोदाकाठ
हे आमच्या घरात झालंय. चुलतभावाचं सोयाबीनचं अनुदान जमा झालं आणि संध्याकाळपर्यंत कार्डात वळतं. यंदा सप्टेंबरच्या पावसानं अर्धं रान वाहून गेलं, वर हे. शाखेत गेलो तर म्हणाले, सिस्टिमनं केलं, आमच्या हातात नाही. भांडून, लेखी तक्रार देऊन काही भाग परत मिळाला.

तूरडाळ
'सिस्टिमनं केलं' हा माणूस कोणत्या शाखेत बसतो? त्याला एकदा भेटायचंय.

ऑस्टिनमधला_औसेकर
मूळचा औशाचा, सध्या टेक्सास. इथं हा विषय रोजचाच, म्हणून तुलनेपुरतं लिहितो.

अमेरिकेत मुदत राज्यागणिक वेगळी. टेक्सासला चार वर्षं, कॅलिफोर्नियालाही चार, न्यूयॉर्कनं २०२२ पासून तीन केली. मुदतबाह्य देण्यावर दावा लावायला किंवा लावू म्हणून धमकी द्यायला वसुली कंपन्यांना २०२१ च्या नोव्हेंबरपासून केंद्रीय नियमानं बंदी आहे. एका कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा जास्त फोन केले तर तो छळ धरतात.

पण वकीलताईंनी कलम ३ बद्दल लिहिलं ते वाचून मला भारताचा हेवा वाटला. इथं मुदतीचा मुद्दा तुम्हालाच मांडावा लागतो. तुम्ही हजरच राहिला नाहीत तर मुदतबाह्य दाव्यातही एकतर्फी निकाल लागतो आणि मग पगाराला किंवा बँक खात्याला हात. अनेक लोक समन्स उघडतच नाहीत. कंपन्यांचा धंदा त्यावर चालतो.

टेक्सासमध्ये एक चांगलं केलंय: विकत घेतलेल्या मुदतबाह्य कर्जावर तुम्ही थोडे पैसे भरलेत तरी मुदत पुन्हा जिवंत होत नाही. २०१९ चा कायदा आहे.

काळा_कोट
@औसेकर, हेवा करू नका. कलम ३ आहे म्हणून घरी बसणाऱ्यांची इथंही फजिती होते. दाव्यात शेवटची तारीख 'चुकून' वेगळी लिहिलेली असते, सोबत एखादी न दिलेली कबुली जोडलेली असते, आणि खोडायला समोर कुणी नसतं. समन्स आलं तर जायचंच. लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस असतात, कोर्ट ते ९० पर्यंत वाढवू शकतं.

शंका_कुशंका
मग हिशोब करू. शेवटचा भरणा फेब्रुवारी २०१८, पुढचा हप्ता मार्च २०१८ ला चुकला. अधिक तीन वर्षं, म्हणजे मार्च २०२१ ला मुदत संपली. चार वर्षं होऊन गेली. औसारोड, पेढे वाटा!

काळा_कोट
पेढे जरा थांबवा. कोरोनातली सूट विसरलात. सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सगळ्या मुदतींतून वगळलाय. १५ मार्च २०२० ला औसारोड यांच्या प्रकरणात साधारण वर्षभर शिल्लक होतं. ते १ मार्च २०२२ पासून पुढं मोजायचं. म्हणजे मुदत संपली २०२३ च्या फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला. तरीही संपलीच, पण कुणी २०२२ मधली कबुली काढली तर ती मुदतीच्या आतली ठरेल. म्हणून विचारते: औसारोड, कोरोनानंतर बँकेला किंवा एजंटला काही लिहून दिलं होतं का? ईमेलसुद्धा. कोर्टांनी ईमेललाही लेखी कबुली मानलंय.

औसारोड
वकीलताई, लिहून काही दिलं नाही. फोन घेतले असतील एकदोन, तेवढंच. कार्ड कंपनीच्या ईमेलवर होतं, कंपनी गेली तसा ईमेल पण गेला.

सिडको_एन_सहा
ईमेलवरून आठवलं. माझ्या भाऊजींनी २०१९ मध्ये बँकेला लांबलचक ईमेल लिहिला होता: आजारपण, नोकरी, मुलीची फी, आणि शेवटी 'मी सर्व रक्कम नक्की फेडीन'. बँकेच्या वकिलानं कोर्टात सगळा ईमेल बाजूला ठेवून तेवढंच शेवटचं वाक्य वाचलं.

तूरडाळ
म्हणजे बँकेशी बोलताना फक्त आजारपणाचं सांगायचं, फेडायचं नाही.

निवृत्त_गुरुजी
चेष्टा बाजूला ठेवून विचारतो. मग प्रामाणिक माणसानं लिहायचं तरी काय? खरं बोलला तर अडकला, गप्प बसला तर सुटला? ही कसली व्यवस्था?

कॅशियर_निवांत
गुरुजी, बँकेची बाजूही ऐका. आम्हाला तीन वर्षं मिळतात. तेवढ्यात दावा लावायचं काम आमचं. लावला नाही, कारण ४८ हजारांसाठी वकील, कोर्ट फी, माणूस परवडत नाही. म्हणजे बँकेनंही हिशोब करूनच सोडून दिलं. मग सात वर्षांनी तिसराच माणूस येऊन मागतो तेव्हा कर्जदारानंही हिशोब केला तर त्यात अप्रामाणिक काय?

निवृत्त_गुरुजी
पटतं थोडं. पूर्ण नाही.

हळदगाठ
माझ्या मोबाइल दुकानात रोज एकतरी गिऱ्हाईक असला मेसेज दाखवतं. 'अटक वॉरंट', वर अशोकस्तंभ, खाली कुण्या 'मुख्य न्यायाधीश दिल्ली' यांची सही. हिंगोलीच्या माणसाला दिल्लीचे न्यायाधीश व्हॉट्सअॅपवर पकडायला निघालेत! कर्ज थकलं म्हणून अटक होते का हो?

काळा_कोट
कर्ज न फेडणं हा फौजदारी गुन्हा नाही, पोलीस त्यासाठी येत नाहीत. चेक दिला आणि वटला नाही तर गोष्ट वेगळी. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा आदेश) झाल्यावर, ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्याला दिवाणी कैदेत टाकायची तरतूद आहे, पण ती फार पुढची पायरी. असले मेसेज आले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आणि हुकूमनामा झाला तरी सगळं घेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं शेतकऱ्याचं राहतं घर, बैल, अवजारं, बियाणं, सरकारी पेन्शन, पीएफ यांना जप्तीतून वगळलंय. पगारातून पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडूनच हात लावता येतो. शेतकरी नवऱ्याचं कार्ड थकलं म्हणून 'बैल सोडून नेऊ' म्हणणाऱ्या एका एजंटला मी हे कलम फोनवर वाचून दाखवलं होतं. पुन्हा फोन आला नाही.

गोदाकाठ
बैलाचं सोडा, त्यांचा खरा इलाज लाज. आमच्या गावात एजंट थेट किराणा दुकानात जाऊन बसला, चारचौघांत नाव घेऊन विचारायला लागला. तालुक्याला एक वेळ चालेल, गावात माणूस दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडत नाही.

वाळूज_बी_शिफ्ट
त्याला नियमानं बंदी आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये काढलंय: सकाळी आठच्या आधी, संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नाही, शिवीगाळ नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही. आमच्या लाइनमधल्या एकानं रेकॉर्डिंग जपून ठेवलं, आधी बँकेच्या तक्रार विभागात दिलं, ३० दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन टाकलं. फी नाही. माहितीसाठी त्यांचा १४४४८ हा नंबर आहे.

बीडबायपास
ते सगळं ठीक, पण गावातल्या बाईला 'लोकपाल' म्हटलं की अण्णा हजारे आठवतात.

शंका_कुशंका
धाग्याचं काश्मीर व्हायच्या, म्हणजे चर्चा भरकटायच्या आत: मूळ प्रश्नातली लोकअदालतीची नोटीस तशीच राहिली.

काळा_कोट
बरं झालं आठवण केलीत, सगळ्यांत महत्त्वाचं तेच आहे.

आलेली नोटीस बहुधा दाखलपूर्व प्रकरणाची असेल. म्हणजे दावा लागलेलाच नाही, बँका आणि वसुली कंपन्या गठ्ठ्यानं प्रकरणं टाकतात आणि विधी सेवा समिती 'या, बोला, जमलं तर मिटवा' म्हणून बोलावते. नोटिशीत दावा क्रमांक आहे की दाखलपूर्व लिहिलंय ते बघा. दाखलपूर्व असेल तर गेलं नाही म्हणून वॉरंट निघत नाही. तरी मी म्हणेन जा. आईला घेऊन जा, म्हणजे तिची भीतीही जाईल.

पण तिथं सही करताना दहा वेळा विचार. लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की असते, तिच्यावर अपील नाही, आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षं असतात. आज ज्याला कोर्टात जायला मुदत उरलेली नाही, त्याच्या हातात तुम्ही बारा वर्षांचं हत्यार द्याल. तडजोड करायचीच असेल तर झेपेल तेवढीच रक्कम, आणि शक्यतो एकरकमी.

ऑस्टिनमधला_औसेकर
हे भारी आहे. लवादाच्या, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्याच्या, नोटिशी पण येतात ना हल्ली? माझ्या आतेभावाला पुण्याहून आली होती.

काळा_कोट
येतात. लवादालाही मुदत कायदा लागतो, तीन वर्षांची भिंत तिथंही आहेच. पण नोटिशीला उत्तर न देता टाकून देऊ नका, एकतर्फी निवाडा होतो.

औसारोड
सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी अपडेट देतोय.

वसुली कंपनीला रजिस्टर पोस्टानं एक पत्र टाकलं, मजकूर वकीलताईंनी तपासून दिला. त्यात 'देणं आहे' किंवा 'नाही' यातलं काहीच लिहिलं नाही. कर्ज विकत घेतल्याचा कागद, बँकेचं मूळ स्टेटमेंट आणि शेवटच्या भरण्याची तारीख मागितली, फोन आठ ते सातमध्येच करा, शेजाऱ्यांना करू नका असं लिहिलं. उत्तर आलेलं नाही. फोन मात्र बरेच कमी झालेत, आणि बोलणारा आता 'सर' म्हणतो.

लोकअदालतीला आईला घेऊन गेलो. आवारात गंजगोलाईसारखी गर्दी, वीजबिलवाले, बँकवाले, मोबाइल कंपनीवाले. आमच्या टेबलवरच्या पॅनेलनं विचारलं, तडजोड करायची का? मी म्हटलं, कागद बघितल्याशिवाय नाही. कंपनीच्या मुलाकडं कागद नव्हते. दोन मिनिटांत बाहेर. आई म्हणाली, एवढंच? मग आपण जेवण न करता कशाला आलो?

आता एकच अडचण. मला दुकानासाठी कर्ज काढायचंय आणि सिबिलवर, म्हणजे क्रेडिट ब्युरोच्या अहवालात, हे खातं अजून काळं दिसतंय.

कॅशियर_निवांत
क्रेडिट ब्युरोची नोंद आणि मुदत कायदा यांचा एकमेकांशी संबंध नाही. मुदत संपली म्हणून नोंद निघत नाही. ब्युरोला माहिती किमान सात वर्षं ठेवावीच लागते. प्रत्येक ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो आधी काढा आणि थकल्याची तारीख बरोबर आहे का बघा. खातं विकल्यावर नवीन कंपनीनं ती पुढं सरकवली असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे.

दुकानाच्या कर्जासाठी मिटवणं भागच असेल तर बोलणी तुम्ही सुरू करा, त्यांच्या फॉर्मवर नाही. आधी त्यांच्या लेटरहेडवर 'अमुक रकमेत पूर्ण व अंतिम, कोणतीही बाकी नाही, ब्युरोला कळवू' असं पत्र घ्या, मग एकाच वेळी पैसे, तेही कंपनीच्या खात्यावर, एजंटच्या फोन नंबरवर नाही. पण लक्षात घ्या, कमी रकमेत मिटवलं की अहवालात 'सेटल्ड' असा शेरा येतो, नवीन कर्ज देणारा त्यावरही नाक मुरडतो.

निवृत्त_गुरुजी
मुद्दल ४८ हजार देऊन टाका. रात्री झोप लागेल.

बीडबायपास
गुरुजी, झोप त्यांना आत्ताही लागतेय. ४८ देतो म्हटलं की ते ५५ वर येतील, तुम्ही २० पासून सुरू करा.

औसारोड
गुरुजी, मुद्दल द्यायची माझीही तयारी आहे, पण बँकेला. ह्या कंपनीनं कागद दाखवला तर तिला. कागद येईपर्यंत काहीच नाही, इतकं ठरवलंय.

काळा_कोट
ठीक ठरवलंय. आणि ते 'तयारी आहे' इथं लिहिलं ते लिहिलं, त्यांना लिहू नका.

तूरडाळ
संपादक मंडळ, औसारोडांचा वरचा प्रतिसाद त्यांच्या हितासाठी उडवा.

हळदगाठ
जाता जाता एक. माझ्या मामांचं गावच्या पतसंस्थेचं २०१४ चं कर्ज आहे, जामीनदार मी. त्यालाही तीन वर्षंच ना? मग मी सुटलो?

काळा_कोट
नाही हो. पतसंस्था सहकार कायद्यात येते. सभासदाकडच्या येणे रकमेची मुदत तो सभासद वारल्यापासून किंवा सभासदत्व संपल्यापासून मोजतात, तोवर घड्याळ सुरूच होत नाही. शिवाय त्यांना कोर्टात जायची गरज नसते, त्याच कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढून थेट वसुली. जामीनदारावरही निघतो.

हळदगाठ
१०१ चा कागद तर दिवाळीतच आलाय. मी कपाटात ठेवला.

काळा_कोट
कपाटातून काढा, तारीख बघा, आणि वेगळा धागा काढा. आजच.